दाजींची चुनकळी

जगातल्या यच्चयावत वस्तूंची किंमत आमचे दाजी एकाच प्रश्नावरून ठरवत: ही पाण्यात टाकली तर तापेल किती? माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पेणच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. इतर मास्तरांच्या खिशात पेन असतं तिथे यांचा प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर. चुनकळी म्हणजे न विरलेल्या चुन्याचे खडे, सिमेंट, धुण्याचा सोडा, हाती येईल ते सारख्या वजनाचं घ्यायचं, सारख्या पाण्यात सोडायचं आणि पारा कुठवर चढतो ते बघत बसायचं. एकदा ताईनं आमटीचं समजून भलत्याच पातेल्यात डाव घातला. तो सिमेंटमध्ये असा रुतला की शेवटी पातेल्यासकट परसात टाकावा लागला. "पण पारा बघायचा राहिला," दाजी हळहळले.

गणपतीच्या कारखान्यांत त्यांना पाहिलं की कारागीर गालात हसत. साच्यात ओतलेलं प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं, आणि दाजी तिथे हजर. एकदा त्यांनी मूर्तीच्या सोंडेवर तळहात ठेवून डोळे मिटले, तेव्हा मालक म्हणाला, "मास्तर, देव हाय तो. ताप नाय आलाय त्याला!"

"आलाय," दाजी गंभीरपणे म्हणाले. "पण चुनकळीपुढे काहीच नाही."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलीसाठी, वैशालीसाठी, रोह्याचं स्थळ आलं. मुलगा तिथल्याच एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. मुलाचं घर बघायला वैशालीला घेऊन आम्ही गेलो. "आज कृपा करून तोंड मिटून बसा," ताईनं गाडीतच बजावलं होतं. दाजी पोहे संपेपर्यंत बसलेही. पण अंगणात रंगकामासाठी चुनकळी आणून ठेवली होती, आणि त्यांची नजर काही तिच्यावरून हलेना.

शेवटी राहवलं नाही. त्यांनी मुलाला विचारलं, "चुनकळी आणि प्लॅस्टर सारख्याच वजनाचं घेतलं, पाणीही सारखंच, तर जास्त काय तापेल?"

"चुनकळी."

"किती जास्त?"

मुलाची आई उखडली. "आमच्या पोराची परीक्षा घ्यायला आलात काय? नोकरी हाय, घर हाय, आणखी काय पायजे?" ताईनं मान खाली घातली. वैशालीचे डोळे भरून आले. मुलगा तिला आवडला होता, हे मला तेव्हा कळलं. स्थळ हातचं गेलं, असं समजून मी चपला शोधू लागलो.

तेवढ्यात मुलगा उठला. "किती ते असं तोंडी कसं सांगू? मोजावं लागेल," म्हणाला आणि मागच्या दारातून बादली घेऊन आला. चुनकळीत पाणी पडताच ती फसफसली, वाफेचा लोट उठला, आणि दोघं त्या वाफेत डोकं घालून बसले. मुलाची आई बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "अगो, हा तर ह्यांच्याच घरचा निघाला!" लग्न ठरलं.

वैशाली रोह्याला गेली आणि दाजींना एक नवी शंका आली. पेणची चुनकळी जास्त तापते की रोह्याची? त्यासाठी दर रविवारी पेणची चुनकळी डब्यात घालून ते पॅसेंजरनं रोह्याला जात. जावई निमूटपणे तराजू मांडी. "अजून खात्री नाय झाली?" असं तो विचारी, आणि दाजी म्हणत, "एका रीडिंगवर विश्वास ठेवू नये."

एका रविवारी मीही बरोबर होतो. दाराला कुलूप होतं. दोघं नागोठण्याला कुणाकडे गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. चुन्याचं दुकान समोरच उघडं होतं. मी म्हटलं, "दाजी, आलोच आहोत तर रोह्याची चुनकळी घेऊन टाकू. घरी जाऊन मोजा."

त्यांनी ओट्यावर बसून थोडा वेळ त्या कुलपाकडे पाहिलं.

"आज नको," ते म्हणाले. "हवा दमट आहे."

एप्रिलचं ऊन अंगणात रणरणत होतं. परतीच्या गाडीत त्यांनी खिडकीची जागा घेतली आणि कासू स्टेशन मागे पडलं तरी डबा मांडीवरच धरून ठेवला होता.