आधी बाजार, मग पुस्तक

मी पुस्तक उघडलं की काका पानावर आपला पंजा ठेवायचे. "आधी बाजार. मग पुस्तक."

काका म्हणजे उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीचे काका. उभा जन्म रेशनच्या कचेरीत गेलेला. वरून ठरून आलेले भाव फळ्यावर खडूनं लिहायचे, एवढंच काम. भाव खरं ठरवतं कोण, हा किडा तिथंच डोक्यात शिरला आणि निवृत्तीनंतर ते ऑस्ट्रियन अर्थशास्त्राच्या नादी लागले.

मला चारचौघांत बोलायला काहीतरी भारी हवं होतं, म्हणून मी शिष्य झालो. पहिल्याच दिवशी त्यांच्या कपाटातला सगळ्यांत जाड ग्रंथ उतरवला. काका हसले. "ते शेवटी रे. सध्या उशाला घे."

नवख्यासाठी त्यांचा क्रम ठरलेला होता. चार रविवार जाफर गेटचा बाजार बघायचा. एकाच ढिगातली मेथी एक बाई घेते, दुसरी सोडते; का, ते विचारायचं. त्या ऑस्ट्रियनांचं मूळ म्हणणंच ते: मोल वस्तूत नसतं, घेणाऱ्याच्या मनात असतं. तहानलेल्याला पहिला तांब्या आणि चौथा तांब्या सारखा नसतो. हे डोळ्यांना दिसलं की मग एक पातळ पुस्तिका. जाड ग्रंथ त्यानंतर.

काकांचे गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. मी सांगेन तेवढाच त्यांचा बाजार. "एक जण जरी नीट शिकला ना, लई झालं," म्हणायचे.

दोन रविवार गेलो. तिसऱ्या रविवारी सकाळपासून पाऊस. मी घरीच लोळलो. संध्याकाळी मात्र त्यांना मेथीवाली, घासाघीस, गंगापूरची एक म्हातारी, सगळं रंगवून सांगितलं. गोष्टी रचण्यात आमचं घराणं मागं नाही.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हातारीनं मेथी का सोडली?"

"घरी आहे म्हणाली."

"व्हय? बरं."

मग त्यांनी ती पुस्तिका माझ्या हातात दिली. चौथा रविवार राहिलाय, मी म्हणालो. "राहू दे आता."

वरच्या वर्गात गेलो, असं बायकोला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "आज बाजार भरलाच नाही. भाजीवालीनं दुपारीच काकांना सांगितलं, मी जिन्यातच होते."

उद्या जाऊन कबूल करू, असं म्हणत राहिलो. उद्या पुष्कळ झाले. काका पावसाळा संपताना गेले.

आता मी रविवारी बाजारात जातो. परवा एका बाईनं मेथीची जुडी उचलली, हुंगली, परत ठेवली. का, म्हणून विचारलं.

"मेथी चांगली हाय," ती म्हणाली. "खाणारा गेला."

उत्तर घेऊन मी घाईघाईनं परतलो. काकांच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आठवलं.