बंदुका पुसणारे गजूगुरुजी

गजूगुरुजी बंदुकीची नळी पुसत तेव्हा सळईच्या प्रत्येक फेऱ्याला देवाचं एक नाव घेत. सळई आत गेली की केशवाय नमः, बाहेर आली की नारायणाय नमः. मग फडक्याची घडी बदलून माधवाय, गोविंदाय. पूजेच्या सुरुवातीला म्हणतात ती विष्णूची चोवीस नावं संपली की नळी स्वच्छ झाली, असा त्यांचा हिशेब होता आणि तो सहसा चुकत नसे. नव्यानं आलेल्या पोरांना वाटायचं की गुरुजी बंदुका मंत्रून देतात. त्यांनी पुसलेली बंदूक आपल्याला मिळावी म्हणून पोरं भांडायचीसुद्धा.

दर्यापूर रोडला, अमरावती मागे पडून कपाशी सुरू होते तिथं, मी आणि माझा कॉलेजचा मित्र प्रफुल्ल एअरसॉफ्टचं मैदान चालवतो. या बंदुका दिसायला अगदी खऱ्या, पण त्यातून वाटाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या सुटतात. लोक तोंडावर जाळीचे मुखवटे चढवतात, रिकाम्या ड्रमांमागे दडतात आणि एकमेकांवर त्या झाडतात. खेळ संपला की हसत घरी जातात आणि आमच्याकडे उरते काळ्या मातीची धूळ. ती नळीत शिरते, मॅगझिनमध्ये शिरते, चहातसुद्धा शिरते. म्हणून खेळवण्यापेक्षा पुसणंच आमचं मोठं काम.

गुरुजी पहिल्यांदा आले ते पूजा सांगायला. मैदानाचं उद्घाटन दसऱ्याला होतं आणि आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रपूजा झालीच पाहिजे असा प्रफुल्लच्या आईचा हट्ट होता. आमचं घर अकोल्याचं, जठारपेठेतलं, आजोबांपासून बौद्ध. मला पूजेतलं काही कळत नाही, म्हणून मी शेडच्या दाराशी उभा राहून पाहत होतो. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, पायात सँडल, असे साठी ओलांडलेले गुरुजी सतरंजीवर मांडलेल्या बंदुकांना मनापासून हळद-कुंकू वाहत होते. नैवेद्याची वेळ आली. गुरुजींनी बंदुकीचं तोंड कुठलं ते नीट विचारून घेतलं, आणि एकेका नळीत पळी पळी पंचामृत सोडलं.

दसऱ्याच्या सकाळी बंदुकांना मुंग्या लागल्या होत्या. एकही गोळी सुटेना. प्रफुल्ल डोकं धरून बसला. प्रफुल्लच्या आईनं गुरुजींना फोन केला असावा, कारण थोड्याच वेळात ते स्कूटीवरून आले आणि उपरणं कमरेला बांधून माझ्यासमोर बसले.

"माझ्या हातानं झालं, आता माझ्याच हातानं साफ कराले पायजे," ते म्हणाले. "तू फक्त सांग, काय काय उघडाचं."

दिवसभर आम्ही दोघं दही, मध आणि साखर उपसत बसलो. उद्घाटन पुढे ढकललं. संध्याकाळी निघताना गुरुजी म्हणाले, "उद्या येतो. अजून राहिल्या काही." त्या काही पुसून झाल्या तरी ते येतच राहिले.

त्यांनी घरून खोबरेल तेलाची बाटली आणली तेव्हा मी ती हातातून काढून घेतली. आतलं रबर फुगतं, याला फक्त सिलिकॉनचं तेल चालतं आणि तेही थेंबभरच, हे समजावून सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "साजूक तूप?" मी म्हटलं, "नाही." "शिलाई मशीनचं?" "तेही नाही." ते खुशीत हसले. "म्हणजे याचं सोवळं तं आमच्याहून कडक निघालं, बाप्पा." तेव्हापासून तेलाच्या बाटलीला त्यांनी आमच्यापैकी कुणाला मळक्या हातानंच काय, धुतलेल्या हातानंही शिवू दिलं नाही.

मी अकोल्याला घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा आई पोट धरून हसली. "भटजी बंदुका पुसून राहिला अन् तू खुर्चीत बसून राहिला? मले एकदा पाहाले ने बाप्पा." ती आलीसुद्धा. गुरुजींनी तिला स्वतःची खुर्ची दिली आणि तिनं आणलेला शेवभाजीचा डबा तिच्यासमोर चाटून पुसून संपवला. ती गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्यात ही नावं चालत नसतीन ना रे? मी मनात म्हणत जाऊ काय?"

"मोठ्यानं म्हणा," मी म्हटलं. "मनात म्हटली तर नळी अर्धवट राहील."

त्या दुपारी आठवल्या की मला आजही झापड आल्यासारखं होतं. पत्रा तापून बारीक कडकड वाजायचा. शेजारच्या शेतातून कापसाचा चुकार पुंजका तरंगत यायचा आणि कुठं बसावं ते न कळल्यासारखा शेडमध्ये फिरत राहायचा. गुरुजींचा आवाज खर्जातला, सळईबरोबर आतबाहेर होणारा. त्रिविक्रमाय, वामनाय, श्रीधराय. ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा आणि उघडायचा तेव्हा ते दामोदरापाशी आलेले असायचे. माझा त्या नावांवर विश्वास नव्हता आणि आजही नाही, पण ती ऐकू आली नाहीत तर दुपार पुढे सरकली असं वाटायचं नाही.

हिवाळ्यातल्या अशाच एका दुपारी दामोदरानंतर सळई थांबली. मी डोळे उघडले. गुरुजी नळीकडे पाहत होते.

"मिलिंद, मी विसरून राहिलो," ते म्हणाले.

मला वाटलं तेल घालायचं विसरले. मग ते सावकाश बोलू लागले. मागच्या सत्यनारायणात ते तिसऱ्या अध्यायावरून थेट पाचव्यावर गेले होते. "कोनाले समजलं नाई. मले समजलं." घरी बसून नावं म्हणायला गेलं की मधेच वाट हरवायची. इथं मात्र हात चालू असला की नावं येत. म्हणून ते रोज येत होते. मी इतके दिवस समजत होतो की पंचामृताची भरपाई चालली आहे.

"पुस्तक पाहून म्हणा ना, गुरुजी."

"बाकीचं पुस्तकात पाहून चालते रे. ही नावं वडिलांनी मुंजीत मांडीवर बसवून शिकवली. ही गेली तं मी कोन राहिलो?"

मी पुढची बंदूक उघडून नळी त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून कुठलीच बंदूक मी स्वतः पुसली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अचलपूरच्या एका घरून वास्तुशांतीचं बोलावणं आलं. त्या घराची पूजा गुरुजींचे वडीलही सांगत. जुन्या यजमानांपैकी एवढंच घर उरलं होतं. त्याला नाही म्हणणं गुरुजींना जमेना आणि हो म्हणायचीही भीती वाटत होती. "तू चाल सोबत," ते म्हणाले. "एसटीत मी उगाच विचार करत बसतो."

नव्या बांधलेल्या वरच्या मजल्यावर चुन्याचा वास होता. मी मागच्या खुर्चीवर बसलो. गुरुजींनी आचमन केलं आणि नावं सुरू केली. आवाज छान लागला होता. माझा हात नकळत मांडीवर पुढेमागे होत होता. पद्मनाभाय, दामोदराय, आणि ते थांबले.

लोकांना आधी वाटलं गुरुजींनी ध्यान लावलं. यजमानांची म्हातारी आई पुढे वाकून त्यांच्याकडे पाहू लागली. गुरुजींचा हात पळीवर तसाच राहिला होता आणि मानेवरून घाम उतरत होता. मग त्यांनी सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मी विसरलो."

मला ते पाहवेना. मी मागूनच, घाबरून, तोंडाला येईल ते म्हणालो, "अनिरुद्धाय नमः."

गुरुजी वळले. असे रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "अनिरुद्ध कुठून आणला? आधी संकर्षणाय. मंग वासुदेवाय. मंग प्रद्युम्नाय. त्याच्यानंतर तुझा अनिरुद्ध." आणि तसेच पुरुषोत्तमावरून सरळ श्रीकृष्णापर्यंत न अडखळता गेले. पूजा पार पडली.

जेवताना म्हातारीनं विचारलं, "गुरुजी, हा पोरगा कोन?"

"माझा गुरू हाय," ते वरण भुरकत म्हणाले. "बंदुका याच्यापासून शिकलो."

म्हातारीनं माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. परतताना एसटीत गुरुजींनी खिडकीशी जागा धरली. परतवाडा मागे पडल्यावर म्हणाले, "आता पूजा सांगणं बंद. पण ही नावं सुटू द्याची नाई." मी हो म्हटलं.

पुढे त्यांना स्कूटी चालवणं जमेना, मग घराचा रस्ताही सापडेना. मुलगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली. ती जठारपेठेतच राहते, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सोमवारी मैदान बंद असतं. त्या दिवशी मी एखादी बंदूक मुद्दाम मातीत लोळवतो आणि गाडीत घालून त्यांच्याकडे नेतो. गुरुजी मला कधी जावई समजतात, कधी पोस्टमन. मी नाव सांगत बसत नाही. नळी, सळई आणि फडकं समोर ठेवलं की ते बसतात. हात सुरू होतो, नावंही सुरू होतात, आणि जिथं थांबतात तिथं मी एक चुकीचं नाव घेतो. त्यांना पुढचं आठवत नाही, पण चूक मात्र सहन होत नाही. दर वेळी ते रागावतात, बरोबर नाव सांगतात आणि पुढे जातात. त्यांनी रागवावं म्हणून मी आठवडाभर वाट पाहतो.

मागच्या सोमवारी ते माधवापाशीच थांबले. मी म्हणालो, "श्रीधराय नमः." ते काही बोलले नाहीत. सळई चालत होती. मी म्हणालो, "उपेंद्राय नमः." तरी काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण त्या नजरेत रागाचा कणही नव्हता. मग मी बरोबर नाव घेतलं. गोविंदाय. त्याच्या पुढचं, आणि त्याच्याही पुढचं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सळईच्या फेऱ्याला फेरा देत मी उरलेली एकवीसच्या एकवीस नावं, आयुष्यात पहिल्यांदा, शेवटपर्यंत म्हटली.

गुरुजींनी सळई खाली ठेवली. फडक्यानं बोटं एकेक करून पुसली.

"हं," ते म्हणाले. "आता पुन्हा म्हण."