मेश्रामभाऊंचं सेटिंग

मेश्रामभाऊंच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळायचं नाही, आधी जागा मिळायची. ऊर्जानगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये हॉलच्या फरशीवर त्यांनी पिवळ्या ऑइलपेंटने एक फुली मारली होती. फुलीवर खुर्ची, खुर्चीवर आपण आणि समोर दोन स्पीकरांच्या मधोमध त्यांचा ॲम्प्लिफायर. मी शेजारच्या क्वार्टरमध्ये नवा आलो तेव्हा ओळख करून घ्यायला गेलो. मी शाळेत मास्तर आहे एवढी माहिती त्यांना पुरली. त्यांनी खुर्ची बोटभर मागे सरकवली आणि म्हणाले, "सर, बसाचं न् आयकाचं. बटनाले हात लावाचा नाई."

भाऊ वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते आणि तिथली सगळी शिस्त त्यांनी घरी आणली होती. आधी दाढीच्या ब्रशने बटनांवरची धूळ झटकायची. आमच्याकडे ती कोळशाची आणि राखेची, रोजचीच. मग आवाज शून्यावर, मग स्विच, मग थांबायचं. "मशीनले दम घेऊ द्या. एकदम लोड देल्ला का ट्रिप होते." एवढी मोठी युनिटं चालवणारा माणूस हॉलमधल्या त्या पेटीपुढे असा हळुवार व्हायचा की हसू दाबावं लागे.

बास आणि ट्रेबल ते चिमटीत धरून, श्वास रोखून फिरवत. बास मिठासारखा घालावा, असं त्यांचं मत. सकाळच्या बुद्धवंदनेचं सेटिंग वेगळं, कव्वालीचं वेगळं, जयंतीच्या गाण्यांचं आणखी वेगळं. मला त्यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही. मी मान हलवायचो. मान नेमकी कुठे हलली यावर भाऊंचं लक्ष असे आणि मी बहुतेक वेळा नापास होई. दोन स्पीकरांत आवाज वाटून देणारं बॅलन्सचं बटन मात्र कधी फिरवायचं नव्हतं. ते बरोबर मध्ये होतं आणि तिथे वहिनींच्या नखपॉलिशचा लाल ठिपका होता.

भाऊंना एकच दुःख होतं. गाणं संपलं की ते स्वयंपाकघराच्या दिशेने विचारत, कसं वाटलं. आतून प्रमिलावहिनींचं उत्तर येई, "हव, चांगलं हाये." गाणं कोणतंही असो, उत्तर तेवढंच. मग भाऊ माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणत, "पाहा सर. एवढी मेहनत करतो, पण आमच्या हिले कदर नाई." हे ते गमतीने म्हणत नसत. जगाने वाहवा केली काय न केली काय, त्यांना ती त्या एका माणसाकडून हवी होती आणि ती काही मिळत नव्हती.

मग एकदा वहिनी बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. स्वयंपाक भाऊंकडे आला. त्या रविवारी त्यांनी मला फुलीवर बसवलं, एका बाईचं जुनं गाणं लावलं, ज्याच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता, आणि वरणाला फोडणी द्यायला आत गेले. वहिनी आतच स्टुलावर बसून मोहरी कधी टाकायची ते सांगत होत्या. दोन ओळी झाल्या नाहीत तोच भाऊ हातात पळी घेऊन बाहेर आले.

"सर, बटन कोनं हलवलं?"

मी दोन्ही हात वर केले. त्यांनी एकेक बटन आणि तो लाल ठिपका तपासला, सगळं जागच्या जागी होतं. ते आत गेले आणि पुन्हा बाहेर आले. आतमध्ये नुसतं धपधप येऊन राह्यलं, म्हणाले, बाईचा आवाजच नाई. तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, "मले त रोज असंच आयकू येते जी."

त्यात तक्रार नव्हती. वरण खाली लागतंय हे जसं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. वरणही खाली लागलंच. भाऊ पळी धरून उभे राहिले आणि गाणं संपल्यावर त्यांनी, कसं वाटलं, हे विचारलं नाही. इतकी वर्षं बोलल्या का नाहीत, असं मी वहिनींना नंतर विचारलं. भाऊ एवढे खुशीत असत, त्यात विघ्न कशाला आणायचं, एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी गेलो तर एक स्पीकर स्वयंपाकघरात, ओट्यासमोरच्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी होता. वायर चौकटीवरून खिळे मारून नीट नेलेली. बॅलन्सचं बटन लाल ठिपका सोडून चांगलंच तिकडे कललेलं. फुलीवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा अर्धं गाणं ऐकलं. मी काही विचारायच्या आत भाऊंनी खुलासा केला, "त्या साइडले लोड कमी पडून राह्यला होता. ॲडजस्ट केला." याहून मोठी माफी त्यांना मागता येत नव्हती.

थोड्या वेळाने वहिनी दाराशी आल्या. "या गान्यात बासरी हाये?" त्यांनी विचारलं. भाऊंनी आमच्याकडे पाठ केली आणि स्वच्छ असलेली बटनं ब्रशने झटकत राहिले. बराच वेळ झटकत होते.

निवृत्तीनंतर दोघं कोरपन्याला घर बांधून राहिले. तिथेही एक स्पीकर हॉलमध्ये, एक ओट्यासमोर आणि बॅलन्सचं बटन ओट्याकडे कललेलं. गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. त्यानंतर वहिनींना भेटायला गेलो, तर या घरात आता पाणी आधी मिळालं, आणि त्यानेच मला भाऊंची फार आठवण आली. मग वहिनींनी दाढीचा ब्रश काढला, धूळ झटकली, आवाज शून्यावर नेला, स्विच लावला, थांबल्या. तेच जुनं गाणं लावून त्या चहा ठेवायला आत गेल्या. हॉलमध्ये ते जेमतेम ऐकू येत होतं. आता त्या एकट्या, पुष्कळसा वेळ हॉलमध्येच बसत असणार, म्हणून मी उठलो आणि बॅलन्सचं बटन मध्ये आणायला हात पुढे केला.

"सर," वहिनी दारातून म्हणाल्या, "बटनाले हात लावाचा नाई."

मी हात मागे घेतला. मग खुर्ची उचलली आणि आत, ओट्याजवळ नेऊन बसलो.