वस्तादांच्या तोंडचं इख

"कामाचा न्हाई! रताळं हाय नुसतं, उचला ह्याला!"

माधवनगरच्या तालमीतले आमचे वस्ताद ज्याला असं म्हणत, तो पैलवान खुशाल समजायचा, आजचं मैदान आपलं. लढतीआधी पोरं मारुतीच्या पाया पडत आणि मग वस्तादांच्या शिव्या खाऊन घेत. परक्या तालमींतूनही यायची. "वस्ताद, जरा बोला की," म्हणून मागं लागायची. वस्ताद मग मांडीपासून खानदानापर्यंत सगळं काढत, आणि पोरं प्रसाद मिळाल्यासारखी निघून जात.

मी शाळामास्तर, पण मैदानात माइकवर कुस्त्यांचं निवेदन करतो. म्हणजे वाहवा करणं हाच माझा धंदा. पहिल्यांदा शेजारी बसलो तेव्हा वस्ताद म्हणाले, "गुरुजी, तुमी खुशाल बोला. तुमच्या तोंडात इख न्हाई. माज्या हाय."

तोंडातल्या विषाचं हे त्यांनी गमतीनं म्हटलं नव्हतं. ऐन उमेदीत त्यांचा एक जोडीदार होता, एकाच मातीत वाढलेला. आंघोळीला त्याच्या पाठीवर पाणी ओतताना हे सहज बोलून गेले, "काय मान हाय गड्या तुजी! रेड्याची बी नसंल." त्याच संध्याकाळी सरावात ती मान मोडली. योगायोग, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. मग त्यांनी तासगावच्या एकाच्या गुडघ्याचं सांगितलं, शिराळ्याच्या एकाच्या खांद्याचं सांगितलं. आवाज इतका सपाट, की भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर योगायोग हा शब्द मी काही काढला नाही.

एकदा परगावची माणसं जीप घेऊन आली. मैदानात येऊन आमच्या विरुद्धच्या पैलवानाचं एकदा कौतुक करा, एवढंच मागणं. वस्तादांनी त्यांना चहा पाजला आणि प्रेमानं म्हणाले, "जीप मातूर झ्याक हाय तुमची." त्यातला एकही परत जीपमध्ये बसायला तयार होईना. शेवटी त्या बहाद्दरांनी ती ढकलत नेली.

खरी पंचाईत घरात होती. वस्तादांची एकुलती पोर कुस्ती खेळायची, आणि काय खेळायची! आई लहानपणीच गेलेली. बापाच्या तोंडून तिनं जन्मात एक बरा शब्द ऐकला नव्हता. तिची भाकरी हा माणूस "करपलीय, करपलीय" म्हणत पोटभर खायचा. एका मोठ्या मैदानाच्या सकाळी ती माझ्यासमोरच म्हणाली, "आण्णा, हरले तरी चालंल. पर एकदा म्हणा की, माजी पोरगी चांगली हाय."

वस्तादांचे ओठ हलले. मग टोपी सारखी करत म्हणाले, "कामाची न्हाईस." आणि पाठ फिरवून डोळे पुसले. मला त्या बापाचा राग आला आणि कीवही आली.

संध्याकाळी समोरची मुलगी अंगानं भारी होती. आमच्या पोरीच्या मानेवर तिची पकड पक्की बसली. आणि त्या पकडीतूनच पोरीनं अशी ढाक मारली, की समोरची थेट पाठीवर चितपट. मी माइकवर ओरडणार, तेवढ्यात शेजारून आवाज फुटला, "वा, माजी वाघीण!"

शिट्ट्यांच्या गदारोळातही पोरीला ते ऐकू गेलं. ती बापाकडं बघून लहान मुलीसारखी हसली. वस्ताद मात्र पांढरेफटक पडले होते.

"गुरुजी, तोंडातनं गेलं," एवढंच म्हणाले.

मी त्यांना घरी सोडायला गेलो. ते सरळ भिंतीवरच्या आरशापुढं जाऊन उभे राहिले. बराच वेळ स्वतःला न्याहाळलं आणि मोठ्यानं म्हणाले, "काय बाप हाय! काय छाती, काय काळीज! असा बाप आख्ख्या सांगलीत न्हाई." प्रत्येक वाक्यानंतर थांबत आणि आरशातल्या माणसाकडं टक लावून बघत. मला हसू येईना.

"वस्ताद, हे काय चाललंय?"

"आवं, इख बाहीर पडलंय. पोरीवरनं कुटंतरी वळवाय नगो?"

आठवडाही गेला नाही. तालमीची माती उकरताना छातीत कळ आली आणि वस्ताद तिथंच गेले. डॉक्टरांनी कारण सांगितलं. मी ते लगेच मान्य केलं, जरा जास्तच लगेच.

तेराव्याला माणसं लोटली. बोलायला उठलेला प्रत्येक जण पहिल्याच शब्दाला अडखळायचा. वस्तादांच्या घरात बसून कुणाला चांगलं म्हणायची कुणाची छाती होईना. शेवटी कोपऱ्यातून पोर म्हणाली, "म्हणा की. आण्णा लय चांगलं हुतं म्हणा. आता काय व्हनार हाय त्यास्नी?"