वर मिळालेली पावडर

मी आयुष्यभर बादल्या विकल्या. लोणी काळभोरच्या पुढे आमचं गाव. तिथून पुण्यात आलो तेव्हा मंडईच्या मागे हातगाडी लावायचो. बादल्या, मग, टमरेलं, घमेली. पुढे वारज्यात दुकान झालं आणि दुकानाच्या जिवावर फ्लॅट झाला. कुणी हातावर आणून ठेवलं असं यात काही नाही. एकेक वस्तू भांडून घेतली, भांडून विकली. आता घसा बसतो आणि पायही दुखतात, पण सवय जात नाही.

घरात वॉशिंग मशीन यावी असं मला कधी वाटलं नव्हतं. बायको सगळे कपडे हातानं धुवायची. धुण्याला बाई लावू म्हटलं तर म्हणायची, "बायका कॉलर घासत नाहीत." मग एक दिवस ती बाथरूमच्या दारात घसरली. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात पहिल्यासारखा वर जाईना. डॉक्टरांनी तिला सोडून माझ्याकडे बघून सांगितलं, "यांनी यापुढे काही पिळायचं नाही. पुन्हा खांदा बिघडला तर हात आहे तेवढाही राहणार नाही."

म्हणून आम्ही दोघं कोथरूडच्या बाजूच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. मालक माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं गोल काचेच्या दाराची मशीन दाखवली.

"काका, ही फ्रंट लोड. पाच स्टार. पाणी कमी, वीज कमी. कपडे पिळूनच बाहेर येतात."

बायकोनं तेवढं एकच विचारलं, "म्हणजे आपल्याला पिळावं लागत नाही?"

"काकू, नुसते वाळत घालायचे."

तिनं काचेवरून हात फिरवला. मशीन हीच घ्यायची हे मला कळलं. त्याला मात्र कळू दिलं नाही. पुढचा तासभर मी त्या मशीनला नावं ठेवली. दार खालीच आहे, वाकावं लागतं. धुवायला वेळ फार घेते. रंग कसला हा. तो एकेक पायरी उतरत गेला. शेवटी चेहरा पाडून म्हणाला, "झालं काका. आता घरातून घालायचं राहिलंय."

"बरं. आता वर काय देता?"

"वर म्हणजे?"

"भाजीवाला कोथिंबिरीची काडी देतो ना, तसं."

"काका, ही मशीन आहे. मेथीची जुडी नाही."

मी उठलो आणि दारापर्यंत गेलो. बायको जागची हलली नाही. तिला हा खेळ पाठ आहे. त्यानं अपेक्षेप्रमाणे हाक मारली, काउंटरखालून वॉशिंग पावडरची मोठी पिशवी ओढून काढली आणि आदळली. "घ्या. आता खूश?"

मी खूश होतो. मशीन टेम्पोनं आली, पण पावडर मी स्वतः स्कूटरवर पायांत धरून आणली.

मशीन ड्राय बाल्कनीत बसली. माणूस येऊन पाइप जोडून, बटणं समजावून गेला. बायको पावडर चिमटीनं घालायला लागली तेव्हा मी म्हणालो, "हात आखडू नकोस. फुकटची आहे."

काचेत फेसच फेस. मला ते बघायला बरं वाटायचं. कपडे धुतले जातायत हे दिसत तरी होतं. फक्त वेळ फार लागायचा. किती मिनिटं उरली हे सांगणारा आकडा एका जागी येऊन अडायचा, पाणी पुन्हा आत यायचं, आणि आम्ही चहा पिऊन कप धुऊन आलो तरी आकडा तिथंच. पाणी कमी, वीज कमी असं म्हणणाऱ्याला शिव्या देत मी दुकानात जायचो. मानेला खाज सुटायची, ती मी उन्हाळ्याच्या नावावर ढकलली.

दुपारी दुकान बंद करून मी तिथंच पोत्यांवर आडवा होतो. एका दुपारी अंग फारच मोडून आलं म्हणून घरी गेलो. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. बायको स्टुलावर बसली होती. समोर माझ्याच दुकानातली निळी बादली, त्यात मशीनमधून काढलेले कपडे. एक सदरा तिनं नळाभोवती अडकवला होता आणि डाव्या हातानं त्याला पीळ देत होती. पीळ पुरत नव्हता, म्हणून उजवा हातही लावत होती. दात आवळलेले होते.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. साबण राहतो हो. एकदा खळबळून घेते."

"मग एवढी मशीन आणली ती काय हळदीकुंकवाला मांडायची?"

"धुते ती चांगलं. साबण तेवढा सोडत नाही."

"कधीपासून करतेस हे?"

"आणल्यापासूनच."

मी ओरडलो. मशीनवर, कंपनीवर, त्या दुकानदारावर, तिच्यावर. म्हणालो, मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही एवढं भांडून आणलीत. म्हटलं, कशाला." मग सदऱ्याचं एक टोक माझ्यापुढं केलं. "झालं ना ओरडून? धरा हे." आम्ही दोन बाजूंनी तो सदरा पिळला. पाणी अजून पांढरट होतं.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं माझा आवाज शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "सर, पावडर कोणती वापरता? पिशवीवर काय लिहिलंय, वाचता का?" मी पिशवी उजेडात नेली. टॉप लोडसाठी, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मुलीनं समजावलं, ती पावडर वरून दार उघडणाऱ्या मशीनची. तिचा फेस जास्त, आणि आमच्या मशीनला फेस चालत नाही. फेस हटावा म्हणून ती बिचारी पुन्हा पुन्हा पाणी घेत होती. विकत घेतली असती तर मी पिशवीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं असतं.

उरलेली अर्धी पिशवी स्कूटरवर टाकून मी दुकानात गेलो.

"या काका. आता काय राहिलं?"

"पावडर चुकीची दिलीस."

"दिली नाही काका. तुम्ही घेतलीत."

"तुला माहीत होतं!"

"तुम्ही दारापर्यंत गेला होतात. हाताला लागली ती दिली. फुकटात निवड नसते."

मीही गिऱ्हाइकाला वर प्लॅस्टिकचे मग दिलेले आहेत. चिरलेला असेल तर चिरलाय हे सांगून दिला आहे. एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं असतं. मी ते त्याला सुनवायला गेलो, पण आवाज चढेना. पलीकडे एक नवं जोडपं त्याच मशीनसमोर उभं होतं. बायकोचा खांदा डोळ्यांपुढे आला आणि माझ्यातलं भांडण संपलं.

"बरोबरची दे. पुडा."

त्यानं पुडा ठेवला. मी छापलेली किंमत दिली. तो बघतच राहिला. "वर काही, काका?"

"नको." जाता जाता त्या जोडप्याला म्हणालो, "इथं काही फुकट मिळालं तर वाचून घ्या." एवढंच जमलं.

घरी बायकोनं पुडा हातात घेऊन बघितला. "एवढाच? वर काय आणलंत?"

"काही नाही."

"किती कमी केलं?"

"काही नाही म्हटलं ना."

तिनं डावा हात माझ्या कपाळाला लावला. "ताप तर नाही."

तिनं चमचाभर पावडर घातली. काचेत फेस जेमतेम दिसला. कपडे वर जात होते, आपटत होते. आम्ही दोघं समोर बसून राहिलो, ती स्टुलावर, मी फरशीवर. आकडा अडला नाही. दाराचं कुलूप खट् करून सुटलं तेव्हा तिनं माझा सदरा काढला, बादलीत स्वच्छ पाणी घेतलं आणि एक बाही बुडवली. पाणी तसंच राहिलं. तिचा विश्वास बसला नाही. दुसरी बाही बुडवली.

मग तिनं ते पाणी कुंड्यांना घातलं आणि बादली पालथी करून कोपऱ्यात ठेवली.

परत आणलेल्या जुन्या पावडरीनं ती आता बाल्कनी घासून घेते, लांब दांड्याच्या ब्रशनं. फरशीला चांगली आहे म्हणते. कपडे वाळत मी घालतो, कारण दोरी उंच आहे आणि तिचा हात तिथवर जात नाही. माझेही खांदे भरून येतात. कोथरूडला त्या दुकानावरून जावं लागलं तर मी स्कूटर हळू करतो, आत बघतो, आणि पुढे जातो. चिरलेलं असेल तर सांगून द्यावं, हे एक वाक्य मला अजून त्याला ऐकवायचं आहे.