उघड्या पटावरचा प्रभुलिंग

आमच्या गल्लीत बातमी अशी होती, की प्रभुलिंगनं गोव्यातून मंतरलेली अंगठी आणलीय आणि ती बोटात असली की समोरच्याच्या हातातली पानं त्याला आरपार दिसतात. साफ खोटं. लाइटबिल वाचायलासुद्धा हा बाबा बायकोचा चष्मा मागायचा. आणि अंगठी सासऱ्यानं लग्नात घातलेली.

खरं एवढंच, की हा चंदगडचा गडी गोव्यातल्या हॉटेलांत पोकर खेळून संसार चालवायचा. पानं कमी बघायचा, माणसं जास्त. कुणाचा घसा कधी सुकतो, थाप मारताना कोण नको तेवढा शांत बसतो. एकदा नुसतं माझ्याकडं बघून म्हणाला, "वैनींना न सांगता मिसळ हाणून आलायसा न्हवं?" माझा हात आपोआप मिशीवर गेला, कट पुसायला. तिथंच सापडलो.

पण इचलकरंजीत माग चालवणारा त्याचा धाकटा मेव्हणा शिवकुमार काही मानेना. "पानं झाकून खेळतोय, म्हंजे फसवतोयच. आक्का, तू हितंच ऱ्हा." २००३च्या दिवाळीला माहेरी गेलेली प्रभुलिंगची बायको निर्मला परतलीच नाही. निरोप तेवढा आला: जिथं झाकायला काही नाही, असा एखादा खेळ शिवकुमारसमोर खेळून दाखवा, मग येते.

मस्कतहून परतलेले आमचे हंबीरराव दर उन्हाळ्यात बॅकगॅमनच्या स्पर्धा भरवायचे. हा आपल्या सोंगट्यांचाच परदेशी चुलतभाऊ. दोन फासे, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, सगळं पटावर उघडं. मध्येच कुणी 'डबल' म्हणालं की डावाचे गुण दुप्पट. समोरच्यानं एक तर ते मान्य करून खेळायचं, नाही तर आहे तेवढ्या गुणांवर डाव सोडून पुढचा मांडायचा.

प्रभुलिंग सरावाला बसला आणि पहिल्याच डावात डाव्या हाताचा तळवा आपल्या सोंगट्यांपुढं आडवा! हंबीरराव कडाडले, "आरं, कुणापास्नं लपवतोयस? काढ हात!" शिवाय फासे पडले तरी हा पट सोडून समोरच्याचं तोंडच बघत बसायचा. तोंड बघून सोंगटी थोडीच मरते? रोज मार खायचा, रोज यायचा.

स्पर्धेला निर्मला आणि शिवकुमार पुढच्याच रांगेत. उपांत्य सामन्यात बेळगावचा पाटील 'डबल' म्हणाला. प्रभुलिंगनं पट बघितला, पाटलाचा चेहरा बघितला आणि गपचूप डाव सोडला. हॉलमध्ये शिट्ट्या. "पाठ लागायच्या आधीच आखाडा सोडला की रं!" हे कोल्हापूर. इथं पाठ मातीला लागेपर्यंत गडी उठत नाही. त्या हट्टापायीच आमचे सगळे गडी प्रत्येक 'डबल' मान्य करत आले होते आणि आडवे झाले होते. हा मात्र बारके डाव सोडत गेला, टोमणे गिळत गेला. मग स्वतःची बाजू वर आल्यावर बेतानं म्हणाला, "डबल." आता पाटील हट्टाला पेटला. मान्य केलं आणि दुप्पट गुण घालवून बसला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. हंबीरराव पुटपुटले, "एवढी वर्सं खेळतोय मी, पर ह्ये सोडायचं काय जमलं न्हाई बघ."

अंतिम सामन्यात पुण्याचा मुरलेला खेळाडू होता. त्याच्या सोंगट्या कशा गुण्यागोविंदानं जोडीजोडीनं चालायच्या! जोडी मारता येत नाही, पण प्रभुलिंगची एकटी सोंगटी उघड्यावर राहिली, मारली गेली. पुढच्या डावात परत तीच चूक. काही महिन्यांच्या शिकणाऱ्यानं मुरलेल्याला किती पुरायचं? तो हरला. पण उठून हसत हात मिळवला, तेव्हा ज्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या तेच टाळ्या वाजवत उभे राहिले. निर्मला त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

शिवकुमार मागूनच ओरडला, "काय दाजी, हरलासा की!"

प्रभुलिंग वळून म्हणाला, "फसवून खाणारा असतो, तर आज हरलो असतो व्हय, पावणं?"