मानेला लावलेलं वळण

बल्गेरियात होकाराला मान आडवी हलते, नकाराला खाली-वर. रोसित्सा इटलीत एक सत्र शिकायला गेली आणि या मानेनंच तिचा घात केला. प्राध्यापक विचारायचे, “समजलं?” हिची मान आडवी. ते बिचारे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मागून कुणीतरी वैतागायचं, “बाई, एकदाचं समजून घे ना, भूक लागलीय!”

परीक्षेपर्यंत तिनं मानेला कसंबसं वळण लावलं.

थकूनभागून ती घरी परतली. आईनं घेवड्याचं सूप वाढलं. “पोट भरलं ना गं?”

रोसित्साची मान खाली-वर हलली.

“नाही? उपाशीच ठेवलं वाटतं मेल्यांनी!” आईनं वाडगा पुन्हा काठोकाठ भरला.

रोसित्सानं चमचा उचलला. मानेला पुन्हा वळण लावण्यापेक्षा दुसरा वाडगा संपवणं सोपं होतं.